नऊ नंबरचा गाडा

मी एक गाडा बोलतोय. मला चाकं नाहीत, बैल नाहीत, आणि माझी चाल बघून गोगलगायही मागे वळून हसेल. माझ्यावर एक कॅमेरा बसतो. केसाच्या जाडीचे वीस भाग करा. त्यातला एक भाग म्हणजे माझं एक पाऊल.

मी दुकानात मिळत नाही. माझा मधला भाग मोडीत निघालेल्या सूक्ष्मदर्शकाचा, मोटर बंद पडलेल्या प्रिंटरची आणि बैठक म्हणजे भाजी चिरायची जाड फळी. मला एका सासूनं आणि एका सुनेनं मिळून केलं. तेव्हा त्या दोघी एकमेकींशी फारशा बोलत नव्हत्या. भांडण नव्हतं हो. भांडायला तरी काही बोलणं लागतंच की!

सासू तीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. निवृत्त होताना तिला विचारलं, भेट काय हवी? तिनं कपाटातला नऊ नंबरचा सूक्ष्मदर्शक मागून घेतला. मुलगा जहाजावर नोकरीला, सहा-सहा महिने बाहेर. सून बियाणं तपासायच्या लॅबमध्ये. दिवसभर घरात सासू, घड्याळ आणि पलंगाखालच्या पेटीत नऊ नंबर.

एका शुक्रवारी सून तोंड पाडून घरी आली आणि फोनवर नवऱ्याला सांगू लागली, "अरे, सोमवारी पोतीच्या पोती पेरणीसाठी निघणार, आणि त्यात मला तीन कण सापडलेत. दुसऱ्या पिकाच्या मुळांवर जगणाऱ्या तणाचं बी आहे ते, शेतच्या शेत बुडवतं. साहेब म्हणतात, बाई, धूळ आहे ही! लॅबचा चांगला सूक्ष्मदर्शक महिनाभर दुरुस्तीत. माझ्या कॅमेऱ्यात एक कड स्वच्छ दिसते, बाकी सगळं धुकं."

इतक्या जवळून पाहिलं की कॅमेऱ्याला एका वेळी एकच पातळ थर नीट दिसतो. म्हणून किंचित पुढे सरकायचं, फोटो काढायचा, पुन्हा किंचित सरकायचं. मग संगणक प्रत्येक फोटोतला स्वच्छ भाग उचलून एकच चित्र रचतो. सुनेला हे माहीत होतं. सरकवायचं कशानं, तिथं घोडं अडलं होतं.

सासू आतून नऊ नंबर घेऊन आली. "याचा बारीक स्क्रू बघ."

"आई, तुम्ही राहू द्या. मी बघते काहीतरी."

सासू जागची हलली नाही. "पाच फेरे दिले की एक मिलिमीटर. पोरांनी याला कितीदा काचेत घुसवला, तितक्यांदा मी सरळ केलाय. याहून बारीक आहे तुझ्याकडे काही?"

नव्हतं.

शनिवारी त्यांनी मला जन्म दिला. सासूनं माझ्या दातांमधलं डिंकासारखं घट्ट झालेलं जुनं ग्रीस रॉकेलनं धुतलं, तेलाचा थेंब सोडला. सुनेनं मोटरच्या तारा गरम डाग देऊन जोडल्या, रबरी पट्ट्यानं ती स्क्रूला बांधली. एकीच्या कोपरात दुसरीचं कोपर लागत होतं. "धर", "सोड", "अगं, भाजेल!" यापलीकडे बोलणं नाही.

रविवारी सकाळी पहिले ऐंशी फोटो साफ बिघडले. सुनेनं मला मागे आणून पुन्हा सुरू केलं, तेही बिघडले. "उलट फिरवलास की दात आधी नुसते झुलतात," सासू म्हणाली. "मागे जास्तच ने, आणि नेहमी एकाच बाजूनं पुढे ये." तसं केलं. मग फ्रिज थरथरला. फ्रिज बंद केला. मग सुनेच्या पावलांनी फरशी हलली.

शेवटी दुपारी, सगळी गल्ली पेंगत असताना, दोघी दोन खुर्च्यांवर बसल्या. वीस मिनिटं हलायचं नाही. बोललेलं चालेल.

मी निघालो. समोर नुसतं पांढरं धुकं. त्यात एक बारीक रेघ उजळली, सरकली, विरली; तिच्यामागे दुसरी. अर्ध्या झोपेत एखादा चेहरा जवळ येतो ना, तसा तो कण माझ्याकडे येत होता.

"नाकाला खाज सुटलीय," सासू पुटपुटली.

"आई, खाजवू नका हं!"

"नाही गं." मग तीच म्हणाली, "तू 'राहू द्या' म्हणतेस ना, तेव्हा मला कुणीतरी पेटीत घालून कडी लावल्यासारखं वाटतं."

समोर बघतच सून म्हणाली,

"मला वाटायचं, तुम्ही तीस वर्षं राबलात. आता आराम द्यावा."

"मी मागितला होता का?"

"नाही. मी विचारलंच नाही." सुनेच्या गालावरून पाणी ओघळलं, पण पुसायला हात उचलायचा नव्हता. सासूला ते दिसत होतं आणि तिलाही उठता येत नव्हतं. मी मात्र माझ्या चालीनं चाललो होतो. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, मी जरा भरभर चालायला हवा होतो.

ऐंशीवा फोटो झाला. सासू उठली ती थेट पदर घेऊन सुनेकडे.

मग उरलेल्या दोन कणांचेही तसेच फोटो काढले, आणि संध्याकाळी पडद्यावर चित्रं उमटली. तीनपैकी दोन कण खरंच धूळ निघाले. तिसऱ्यावर मात्र उठावदार कंगोरे होते, पीळ घातल्यासारखे, टोकापासून टोकापर्यंत; त्या तणाच्या बियांची हीच खूण. "किती देखणं आहे गं मेलं!" सासू म्हणाली.

सोमवारी पोती थांबली. पुन्हा तपासणी झाली, त्यात असेच आणखी कण निघाले. साहेबांनी चूक कबूल केली नाही, एवढंच विचारलं, "हे कुठल्या मशीनवर काढलंत?"

"आमच्या आईंच्या," सुनेनं सांगितलं.

आता लॅबचा सूक्ष्मदर्शक दुरुस्त होऊन आलाय, तिथं माझी गरज उरली नाही. मी खिडकीजवळच्या टेबलावर असतो. माझा पट्टा दोनदा बदललाय, मोटर थोडी कण्हते. सासू मिठाचा खडा, सुईचं टोक, जे हाती लागेल ते माझ्यापुढे मांडते. एक मागणं आहे: घर झाडताना केरात काही निराळं दिसलं, तर क्षणभर उजेडात धरून बघा.

बरंय, येतो मी. सासूनं दिवा लावलाय, आज पतंगाचा पंख मांडलाय. लांबचा पल्ला आहे. पाऊण मिलिमीटर.