हलकं वर, जड खाली

भाटघर धरणाच्या गोदामामागं ॲल्युमिनियमची एक होडी सहा वर्षं पालथी पडून होती. पाणी मोजणाऱ्या लोकांसाठी ती कधीतरी आणलेली. पुढं गळायला लागली आणि तशीच राहिली. एकोणीसशे सत्तरच्या माघात धरणावरचे ओव्हरसिअर श्रीपाद गोवंडे यांनी ती वाकणवाडीला द्यायची परवानगी वरून मिळवली. दुरुस्ती वाडीनं करायची, आणि पावसाळ्याआधी मोठ्या साहेबांसमोर ती पाण्यात पास व्हायला हवी, अशी अट होती.

वाकणवाडी जलाशयाच्या पल्याड. धरण भरलं की तिची भोरची वाट पाण्याखाली जायची, आणि डोंगराच्या अंगानं फिरून यायला अख्खा दिवस मोडायचा. मागच्या श्रावणात बाजारावरून परतताना वाडीची लाकडी होडी मधोमध भरली आणि उलटली. सहा माणसं गेली. त्यात बौद्धवाड्यातला रतन होता.

रतनचा धाकटा भाऊ जगन तेव्हा दापोडीला एसटीच्या कारखान्यात गाड्यांना पत्रे ठोकायचं काम करत होता. तो भावाच्या मातीला आला आणि परत गेला नाही. कामथडीला हायवेवर ट्रकदुरुस्तीच्या एका शेडमध्ये त्यानं काम धरलं, म्हणजे दर आठवड्याला घरी यायला मिळावं. घरात आता रतनची बायको लीलाबाई एकटीच होती.

होडी दुरुस्त करणार का, असं श्रीपादनी विचारलं तेव्हा जगननं आधी तिला उलटीसुलटी करून पाहिली. तळाच्या पत्र्यांच्या खिळ्यांवरून बोट फिरवत तो म्हणाला, "रिबिटं ढिली झाल्यात. ती बदलता येतील. पण सायेब, लाकूड भरलं तरी थोडं तरी वर ऱ्हातंय. हा पत्रा हाय. भरला की सरळ तळ गाठणार."

"म्हणून तर बाकांखाली पेट्या आहेत," श्रीपाद म्हणाले. "त्यात तरंगणारं काहीतरी भरलेलं असतं."

जगननं एका पेटीचा पत्रा उचकटला. आत बुचाच्या लाकडाचा काळा चिखल झाला होता आणि त्यात उंदरांनी घर केलं होतं. श्रीपादनी नाकाला रुमाल लावला.

फाल्गुनभर जगन रविवारी येऊन ठोकत राहिला. जुनी रिबिटं काढून नवी मारली, दोन ठिकाणी ठिगळ लावलं, खाली डांबरात भिजवलेलं कापड घातलं. काम त्याच्या हातातलं होतं. पेट्यांत काय भरायचं, तिथं मात्र तो अडला.

वाडीतल्या म्हाताऱ्या कोंडिबांचं म्हणणं सुके भोपळे बांधा. त्यांची पिढी पोहणं भोपळ्यांवरच शिकली होती. कुणी म्हणालं, पांगाऱ्याचं लाकूड घाला, पिसासारखं हलकं असतं. श्रीपादना रॉकेलच्या डब्यांची तोंडं डाग देऊन बंद करायची होती. शिवाय त्यांचा मेहुणा उपेंद्र पुण्यात एका शीतगृहात नोकरीला होता. तिथं भिंतींना लावलेल्या थर्माकोलच्या लाद्यांचे तुकडे त्यानं पोतंभर पाठवले. वाडीनं ती वस्तू पहिल्यांदाच पाहिली. कोंडिबांनी एक तुकडा हातात तोलला आणि परत ठेवला.

लीलाबाई दाराशी बसून सगळं ऐकत होती. रतन गेल्यापासून ती कुणाशी फार बोलत नसे.

"भावजी," ती म्हणाली, "त्या होडीलाबी सगळी म्हणायची, तरंगती. तुमी कुनाचंच ऐकू नका. सगळं हिरीत बुडवून ठिवा. म्हैनाभरानं बघू काय तरंगतंय."

तसंच केलं. बौद्धवाड्याच्या विहिरीत दगड बांधून चारही वस्तू खाली सोडल्या. त्याआधी प्रत्येकीचं वजन तराजूवर केलं. रोज पाणी शेंदायला गेली की लीलाबाई वाकून बघायची.

महिन्यानं सगळं वर काढलं. पांगारा पाणी पिऊन दुप्पट जड झाला होता. एक भोपळा देठाशी कुजून भरला होता. तीन डब्यांपैकी दोन कोरडे, आणि एक काठोकाठ भरलेला. डाग कुठं सुटला होता ते डोळ्यांना दिसतही नव्हतं. थर्माकोलचं वजन मात्र होतं तेवढंच राहिलं.

"एकच तर डबा गेला," श्रीपाद म्हणाले. "तो बदलू."

"कुठला जाईल ते आदी कळत न्हाई सायेब. हे पांढरं घालू."

इथवर ठीक चाललं होतं. मग श्रीपादनी आनंदानं सांगितलं की होडीला कचेरीतलं पेट्रोलचं इंजिन मंजूर झालंय, आणि मोठे साहेब वैशाखाच्या अखेरीला येणार आहेत.

जगनचा चेहरा उतरला. शेडमध्ये त्यानं एक गोष्ट पाहिली होती, पण तिचा अर्थ त्याला आत्ता लागला. थर्माकोलचा एक तुकडा तो खिशातून तिकडं घेऊन गेला होता, मालकाला दाखवायला. तो पेट्रोलच्या चिंधीवर राहिला आणि दुपारपर्यंत त्याचा चिकट गोळा झाला. श्रीपादना सांगून पटेना. शेवटी जगन बाटलीतून पेट्रोल घेऊन धरणावरच्या कचेरीत गेला. त्यानं पितळी वाटीत थर्माकोलचा तुकडा ठेवला आणि वरून धार सोडली. तुकडा फसफसत खाली बसला. वाटीच्या तळाला नखाएवढा लगदा उरला.

श्रीपादनी वाटी उचलून लगदा नखानं उचकटून पाहिला. "इंजिन पाहिजे म्हणून मी लिहून दिलंय, जगन. आता काय लिहू? माझं हसं होईल."

"इंजन गळणारच, सायेब. पेट्रोल तळाला साठणार. पेट्या आतनं रिकाम्या झालेल्या कुनाला दिसायच्या न्हाईत. अन् जवा दिसंल तवा उशीर झालेला आसंल."

"तू मला अडचणीत आणतोयस."

"व्हय," जगन म्हणाला. "पण माज्या भावाला जसं पानी दिसलं तसं आनिक कुनाला दिसाया नगं."

श्रीपादनी त्याला जायला सांगितलं. दोन दिवस त्यांनी निरोप पाठवला नाही. वाडीत कुजबुज सुरू झाली की जगननं हातची होडी घालवली. तिसऱ्या दिवशी श्रीपाद स्वतःच पायी आले. नवीन कागद त्यांच्या खिशात होता. इंजिन नको, होडी वल्ह्यांवर चालेल, असं त्यांनी आपल्या सहीनं कळवलं होतं.

साहेब येण्याच्या आठ दिवस आधी जगननं स्वतःची चाचणी घ्यायचं ठरवलं. थर्माकोल मेणकापडात गुंडाळून बाकांखालच्या पेट्यांत ठासून भरला होता. होडी गळ्याएवढ्या पाण्यात नेली. माणसांच्या वजनाची वाळूची पोती बाकांवर ठेवली.

"जितं मानूस बसल्याबिगर कळायचं न्हाई," लीलाबाई म्हणाली, आणि कुणी काही बोलायच्या आत चढून बसली.

जगननं बादलीनं होडीत पाणी ओतायला सुरुवात केली. काठावर वाडी उभी होती. होडी हळूहळू खाली गेली, पाणी बाकाला लागलं, लीलाबाईच्या मांडीवर आलं. होडी तरंगत होती. कोंडिबा काहीतरी बोलणार एवढ्यात ती एका अंगाला कलली, पोती घसरली आणि होडी फिरून पालथी झाली.

लीलाबाई खाली गेली.

जगननं बुडी मारली. होडीखाली काळोख होता आणि चिखल उठला होता. पहिल्यांदा हाताला पोतं लागलं. दुसऱ्या बुडीत लुगड्याचा काठ हाती आला. बाकात अडकलेला तो काठ त्यानं फाडला आणि तिला बाहेर ओढलं. ती शुद्धीवर होती. काठावर पडून तिनं पाणी ओकलं आणि उठून घराकडं चालू लागली. मागं वळून तिनं पाहिलंही नाही.

त्या दिवशी वाडीनं ठरवून टाकलं की होडी नको. तिथंच उभा असलेला वरच्या आळीचा चिमाजी म्हणाला, "ह्या पान्याला अजून एक घ्यायची घाई झालीया." जगननं होडी ओढून काठावर पालथी घातली.

चार दिवस लीलाबाई घराबाहेर पडली नाही. पाचव्या दिवशी सकाळी ती त्याच्यासमोर येऊन बसली.

"भावजी, मी खाली व्हते तवा माजं डोस्कं पेटीला लागत व्हतं. ती पेटी सारखी वर जाया बघत व्हती. म्हंजी हलकं तळाला हाय, अन् आमी मानसं, पोती, सगळं जड त्याच्या वर. मग ती उलटंल न्हाईतर काय करंल? रिकामी घागर पान्याखाली दाबा. जरा हात हलला की ती अंग फिरवून वर येती."

जगननं जमिनीवर बोटानं होडीचा आकार काढला.

"हलकं वर पाहिजे," ती म्हणाली. "दोनी कडंनी, काठाला लागून. जड खाली बसंल. मग भरली तरी ती सरळ ऱ्हाईल."

तो तडक उठला. पेट्या रिकाम्या केल्या. होडीच्या दोन्ही बाजूंनी आतून, काठाच्या लगेच खाली, थर्माकोलच्या लाद्या उभ्या बसवल्या आणि त्यावर पत्र्याच्या पट्ट्या मारल्या. काही लाद्या नाकाला आणि शेपटाला. बाकं दोन बोटं खाली घेतली. बाहेरून दोन्ही काठांना धरायला दोर ओवला. तीन दिवस तो शेडवर गेला नाही.

या वेळी होडीत तो स्वतः बसला, आणि त्याच्यासमोर लीलाबाई. तिचे ओठ पांढरे पडले होते. श्रीपादनी स्वतः बादली उचलली, कपड्यांसकट छातीभर पाण्यात उतरून. पाणी मांड्यांवर आलं, कमरेवर आलं. होडीचा काठ पाण्याला टेकला आणि तिथंच थांबला. जगननं मुद्दाम एका बाजूला भार दिला. होडी कलली आणि परत सरळ झाली. त्यानं दुसऱ्या बाजूला दिला. पुन्हा सरळ.

"बास," लीलाबाई म्हणाली. "आता मला उतरवा."

साहेबांसमोर होडी पास झाली. शेडचं काम सोडून, आठ माणसांची मर्यादा घालून जगननं ती चालवायला घेतली. लोक हळूहळू बसू लागले. त्या पावसाळ्यात धरण लवकर भरलं.

भाद्रपदातल्या एका मंगळवारी बाजार करून जगनसह आठ माणसं परतत होती. जगन वल्ह्यावर, लीलाबाई पुढच्या बाकावर, तिच्या शेजारी चिमाजी. निम्मं पाणी कापलं आणि खोऱ्यातून वारा सुटला. पहिली लाट नाकावरून आत आली. जगननं होडी वाऱ्याच्या तोंडाला धरायचा प्रयत्न केला. दुसरी लाट बाजूनं आली आणि धान्याची गाठोडी भिजली. तिसरीनं होडी भरली.

"वल्ही सोडू नगा," कुणीतरी रडत म्हणालं. पाणी कमरेला लागलं होतं. चिमाजी उठून उभा राहिला. त्याला पोहता येत होतं आणि किनारा दिसत होता.

लीलाबाईनं त्याचं धोतर दोन्ही हातांनी धरून त्याला खाली खेचलं. "बसा."

"सोड मला, बुडतीया ही."

"बुडत न्हाई. मी बसून बघितलंय. तुमी हुबं ऱ्हायलात तर जड वर जाईल अन् आपून समदी जाऊ. रतनच्या येळंला हितंच मानसं हुबी ऱ्हायली व्हती. खाली बसा अन् दोर धरा."

चिमाजी बसला. दोराबरोबर त्याच्या हाताला तिचा दंडही आला होता आणि तो त्यानं सोडला नाही. लाटा काठावरून आत येत होत्या आणि बाहेर जात होत्या. होडी पाण्याच्या पातळीशी राहिली, खाली गेली नाही. जगन एका लयीत वल्हं मारत होता. भरलेली होडी तसूभरही हलत नाही असं वाटे. मग काठावरचं उंबराचं झाड जरा मोठं दिसे आणि कळे की हलतेय. एका म्हातारीनं डोळे मिटून घेतले होते. थंडीनं सगळ्यांचे दात वाजत होते.

दीड तासानं होडीचं बूड वाळूला घासलं. जगननं वल्हं खाली ठेवलं, पण त्याची बोटं उघडेनात. लीलाबाईनं ती एकेक करून सोडवली. आठही माणसं चालत वर गेली.

दुसऱ्या दिवशी होडीत बसायला कुणी आलं नाही. लीलाबाई आली. दोघांनी मिळून पाणी उपसलं, पट्ट्या तपासल्या, सुटलेली तीन रिबिटं बसवली आणि रिकामी होडी भोरच्या बाजूला नेली. परत येताना तिनं वल्हं मागून घेतलं. सुरुवातीला होडी गोल फिरली, मग जरा सरळ चालली. त्या आठवड्यात शुक्रवारी चिमाजी काठावर येऊन उभा राहिला. बरोबर त्याची म्हातारी आई होती, तिला भोरच्या दवाखान्यात न्यायचं होतं. त्यानं आधी आईला हात देऊन आत बसवलं, मग जगनला विचारलं, "कुठल्या बाजूला बसू?"

"मदी बसा," लीलाबाईनं सांगितलं आणि वल्हं पाण्यात घातलं.