लंगड्या पायाचा डाव

मी क्रौंच बोलतोय. बगळा नव्हे. हा फरक ज्यांना कळत नाही, त्यांच्यासाठी मी बोलत नाही.

उत्तरेकडून थव्याबरोबर दक्षिण चीनमध्ये आलो आणि युंगचुन गावच्या भातखाचरात फाशात पाय अडकला. डावा. वस्ताद लियावांनी मला सोडवून घरी आणलं. पायाला बांबूच्या कामट्या बांधल्या. बांधायचा दोरा आणि माझ्या पंखांची पिसं त्यांनी एकाच कात्रीनं कापली.

हाड वाकडं जुळलं. तेव्हापासून चालताना माझा डावा गुडघा मध्येच खचतो.

वस्तादांच्या अंगणात शिष्य मला पाहून लढायला शिकतात. पंखांचा झटका, मानेचा वळसा, चोचीसारखी जुळवलेली बोटं. ते खरं आहे, माझं आहे. पण माझं लंगडणंही त्यांनी उचललं. वस्तादांनी त्याला नाव दिलं, ‘वेळू लवतो’. घराण्याचा गुप्त डाव. परक्याला शिकवायचा नाही.

तो सगळ्यांत सुंदर करते वस्तादांची मुलगी सुइलान. मला शेतातल्या गोगलगायी आणून घालते, तीच.

मध्यंतरी पलीकडच्या गावचा, वाघासारखा पंजा मारायला शिकवणारा वस्ताद खेंगबू चहाला आला. अंगणात तिचा सराव पाहत बसला.

“वस्ताद, तुमचा पक्षी लंगडा आहे हो.”

“वाघवाल्यांना लवणं कळायचं नाही. तुमची सगळी अक्कल नखांत.”

“असेल बुवा. जत्रेत मंचावर आमच्याशी लढायला पाठवा पोरीला. किती लवते ते बघू.”

बोलताना तो सुइलानच्या डाव्या गुडघ्याकडे पाहत होता. शिकारी कुठे पाहतो, हे मला कळतं.

तेव्हापासून मी तिच्यासमोर सरळ चालायला धडपडतोय. जमत नाही. ओरडलो, तर वस्ताद तिला म्हणाले, “ऐक. घाव घालताना श्वास असा सोडायचा.”

आज जत्रा. सकाळी ती कमरपट्टा आवळून माझ्यापुढे वाकायला आली. मी सगळा भार वाकड्या पायावर टाकला आणि गुडघा ताठ केला. सरळ उभा राहिलो. फाशात सापडल्यापासून पहिल्यांदा. मग हाड मोडलं आणि मी फरशीवर पडलो.

“बाबा, याला काय झालं?”

“नीट बघ,” वस्तादांनी मला हात जोडले. “इतकी वर्षं लपवलेलं आज तुला देतोय तो.”

तिनं डोळे पुसले. मग माझ्याशेजारी येऊन, गुडघा खचवून, पडून दाखवलं. हुबेहूब.

“शाब्बास,” वस्ताद म्हणाले. दोघं गेली.

मला उठता येत नाही. मंचावरचा ढोल इथवर ऐकू येतोय. मी कुणापुढे मान वाकवली नाही, आज वाकवतो. पोरी, पडलो ते विसर. त्याआधी क्षणभर उभा होतो, तेवढंच शिक.