सातव्या वहीची चाल

मालननं पिशवीतून सातवी वही काढली आणि चिमाच्या मांडीवर टाकली.

"घे. संपवली एकदाची गोष्ट."

कोळंबी सोलायच्या शेडमध्ये जेवणाची सुट्टी झाली होती. सकाळपासून बर्फाच्या पाण्यात बुडालेले हात बायका उन्हात धरून बसल्या होत्या. मालनच्या बोटांची पेरं पांढरीफटक पडली होती. त्याच बोटांनी तिनं पहाटे उठून शेवटची चार पानं कशीबशी खरडली होती.

राजपुत्राची ही गोष्ट मुळात तिची नव्हतीच. ती शाळेत असताना एका मासिकात दर महिन्याला यायची. मासिक बंद पडलं आणि बिचारा राजपुत्र पाताळातच अडकून पडला. ते काही मालनच्या मनातून जाईना. लग्न होऊन दोन पोरं झाल्यावर एक दिवस तिनं वही घेतली आणि त्याला बाहेर काढायला बसली. शेडमधल्या बायकांना त्याचा कसला नाद लागला! वही हातोहात फिरायची. जिला वाचता येत नसे, ती दुसरीकडून वाचून घ्यायची. पण नाद त्यांचा आणि झोपमोड हिची. सासूनं अंथरूण धरल्यापासून तर मालनला श्वास घ्यायलाही फुरसत नव्हती. म्हणून शेवटी तिनं राजपुत्राला सरळ समुद्रात बुडवून टाकलं. तोही सुटला, तीही सुटली.

चिमानं वही उघडलीच नाही. नवऱ्यानं बोटीवरून आणलेला टेपरेकॉर्डर तिनं टॉवेलातून सोडवला.

"थांब गो. आदी आमचं ऐक. तुज्या गोष्टीवर गाणं केलंव. सिनेमातली चाल नाय हां, आमचीच हाय."

"राजपुत्राचं?"

"त्याचं कशाला? त्याचं कवतिक तू करतेसच की. ह्ये त्या राक्षसिणीचं."

कुठली राक्षसीण, मालनला आठवेना.

"पाताळात पाणी भरते ती," म्हातारी आवडाबाई म्हणाली. "दुसऱ्या वहीतली."

चिमानं बटण दाबलं. जरा खरखर झाली, मग तिचाच भसाडा आवाज आला. मागे आवडाबाई घमेल्यावर ठेका धरत होती. चाल संथ होती; पायरी चढून दम घ्यावा तशी प्रत्येक ओळीला थांबायची. शंभर पायऱ्या, डोक्यावर हंडा, आणि वर कधीच न भरणारा रांजण. गाण्यात लढाई नव्हती, जादू नव्हती. तिसऱ्या कडव्यात राक्षसीण एवढंच विचारत होती, बसू का जरा?

दोन ओळींत उरकली होती मालननं ही बाई. राजपुत्र पुढे निघून गेला, आणि ही डोक्यावर हंडा घेऊन पाच वह्या तशीच उभी होती. कुणाच्या लक्षात राहिली, तर या बायकांच्या.

भोंगा झाला. बायका गुडघ्यांवर हात टेकत उठू लागल्या. मालननं चिमाच्या मांडीवरची वही ओढून घेतली.

"अगो, संपली म्हनालीस ना?"

मालननं शेवटची चार पानं टराटरा फाडली आणि पेन शोधलं. पेरं वळत नव्हती, अक्षर वेडंवाकडं आलं. 'राक्षसिणीनं हंडा खाली ठेवला,' तिनं लिहिलं, 'आणि ती पायरीवर बसली.'

पुढे काय, ते तिला ठाऊक नव्हतं.

आतून मुकादमानं तिच्या नावानं हाक मारली.

"आले," मालन म्हणाली, आणि उठली नाही.