दुखवट्याची उंची

गुलाबबाईच्या खुब्याचा सांधा बदलून तेवीस दिवस झाले होते आणि तिचा नवरा बन्सीलाल जाऊन सात. डॉक्टरांनी लेकीला, रविनाला, बजावलं होतं: गुडघा कमरेच्या वर जाता कामा नये, पायावर पाय नको, वाकणं तर नाहीच. सांधा निखळला तर पुन्हा ऑपरेशन. म्हणून रविनाने खुर्चीखाली विटा लावल्या, मांड्यांमध्ये उशी दिली आणि मायला अंगणात बसवलं. दुखवट्याला आलेली माणसं खाली सतरंजीवर बसली. दरबार भरल्यासारखं दिसू लागलं.

बन्सीलालचे थोरले भाऊ रूपचंद आले आणि उभेच राहिले. भावजय वर आणि थोरला दीर खाली, असं त्यांच्या घराण्यात कधी झालं नव्हतं.

"मायले खाले बसता येत नही, काका," रविना म्हणाली.

"मंग मी वर बसस."

बन्सीलाल नवापूरच्या एका पोल्ट्रीत कामाला होता. परसात कोंबड्या न्यायचे जुने क्रेट पडले होते. दोन क्रेट एकावर एक ठेवून रूपचंद चढले. मग त्यांचे मामा आले. भाच्याहून खाली ते कसे बसणार? त्यांना तीन. व्याह्यांनाही तीनच, पण वर पाट. दुपारपर्यंत अर्धी भावकी पाय लोंबकळत ठेवून बसली होती. चहा हात उंच करून द्यावा लागत होता. कुणाला हुंदका आला की शेजारचा आधी क्रेट धरायचा.

गुलाबबाई यातलं काही बघत नव्हती. फोटोपुढे जमिनीवर बन्सीलालच्या चपला ठेवल्या होत्या, त्यांच्याकडे तिचे डोळे लागले होते. त्याला नेताना तिला पाया पडायचं होतं. ती वाकू लागली तेव्हा रविनाने मागून काखांत हात घालून तिला ताठ धरून ठेवलं होतं, तिरडी फाटकाबाहेर जाईपर्यंत.

आता गुलाबबाईने उशी काढून टाकली आणि ती पुढे झुकू लागली.

"थांब, माय." रविना रूपचंदांपुढे जाऊन उभी राहिली. "खाले उतरा, काका. क्रेट जोयजे."

रूपचंदांनी भावजयीकडे पाहिलं, मग चपलांकडे. ते उतरले आणि सतरंजीवर बसले.

रविनाने दोन्ही क्रेट मायपुढे रचले, एक पांढरं पीस झटकलं आणि वर चपला ठेवल्या. न वाकताच गुलाबबाईचे हात पोचले. तिने दोन्ही तळवे चपलांवर टेकवले आणि तसेच ठेवले.

रविना सवयीने तिच्या मागे गेली, काखांत हात घालायला. मग तिने हात आवरले.