बाबांच्या खाटेखालचे पाइप

घरात तो एकटाच मुलगा, तरी सगळे त्याला शेंडेफळ म्हणत. पहिल्याच फळाला बाबांनी हात जोडले होते.

गॅस कंपनीत दोन सॉफ्टवेअरांची सोयरीक जुळवायचं काम या शेंडेफळाकडे आलं. एक नकाशाचं, कुठल्या रस्त्याखालून कुठली लाइन जाते ते सांगणारं. दुसरं खरेदीचं, कुठला पाइप कुठल्या कारखान्याच्या कुठल्या बॅचचा ते सांगणारं. दोघांचं जुळलं की प्रत्येक पाइपाला पत्ता मिळणार होता आणि शेंडेफळाला कायमची नोकरी.

एक बॅच मात्र अडून बसली. स्टोअरमधून ती गेली होती, जमिनीत पुरलीही होती. पण कुठे, ते कंत्राटदारानं कधी कळवलंच नाही, आणि आता तो स्वतःच जमिनीत होता.

"बेपत्ता पाइप मला चालणार नाही," मॅडम म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत स्क्रीन हिरवा दिसू दे. नाहीतर तुम्ही घरी."

घर म्हटल्यावर त्याला घरच सुचलं. बाबा अर्धांगवायूनं खाटेला खिळलेले. त्या खोलीत कोण मरायला येतंय खणायला? त्यानं नकाशात सगळी बॅच बाबांच्या खाटेखाली सरकवली. स्क्रीन हिरवागार झाला.

पुढच्याच महिन्यात कारखान्याचा निरोप आला : त्या बॅचच्या पाइपांची शिवण उसवते, सगळे उपसून काढा. सॉफ्टवेअरनं चुटकीसरशी पत्ता दिला. मॅडम खणणारे घेऊन आल्या. बाबांना खाटेसकट रस्त्यावर काढलं.

"शेंडेफळा, अरे या घरात गॅस आला कधी? तुझी आई जन्मभर स्टोव्हला पंप मारत गेली."

"नकाशात आहे, बाबा."

"नकाशात मी आहे का?"

"तुम्ही कंपनीचे नाही ना."

खोली खणली, मग स्वयंपाकघर. खड्ड्याला पाणी लागलं.

"पाइप नाहीत," मुकादम म्हणाला.

मॅडम शेंडेफळाकडे वळल्या. "म्हणजे एकतर तुमची नोंद चुकली, नाहीतर माल चोरीला गेला. काय झालंय?"

"सांगून टाक रे खरं," खाटेवरून बाबा म्हणाले. "नोकरी काय, दुसरी मिळेल."

पडल्या पडल्या सल्ले द्यायला काय जातं, असं शेंडेफळाला वाटलं.

"नोंद बरोबर आहे," तो म्हणाला. "दिवसभर घरात फक्त बाबाच असायचे."

पोलीस आले. "पाइप कुठे विकलेत, आजोबा?"

"मला कूस बदलता येत नाही हो."

"म्हणजे साथीदार होते," हवालदारानं लिहून घेतलं.

मॅडमनी तिथल्या तिथे बॅचपुढे 'चोरीस गेली' अशी नोंद केली. चोरीला गेलेल्या पाइपातून गॅस गळत नाही, त्यामुळे शहराचा धोकाही टळला.

खाट काही पोलिसांच्या गाडीत जाईना. बाबा शेंडेफळाकडे टक लावून बघत होते. तो नजर चुकवून पायथ्याशी गेला आणि त्यानं मागून जोर लावला.