ड्रायव्हरच्या मागची सीट

धर्मेंद्रची गाडी अकोल्यात आईच्या गल्लीत शिरली तेव्हा अर्धी गल्ली ओट्यावर आली आणि उरलेली अर्धी गच्चीवर गेली. गाडी म्हणजे जुनी सतरा सीटची मिनीबस. पुढची ड्रायव्हरशेजारची सीट होती तशीच, पण मागे ड्रायव्हरच्या पाठची एक दोघांची सीट तेवढी ठेवून बाकीच्या काढून टाकल्या होत्या आणि त्या जागी दोन पलंग, गॅसचा ओटा, बुटका फ्रिज, पुस्तकांची फळी आणि मागच्या कोपऱ्यात पडद्याआड संडास, असा सगळा संसार बसवला होता. पुण्यातला भाड्याचा फ्लॅट सोडून इंदूबाईंचा हा एकुलता एक मुलगा, नाशिककडची सून रश्मी आणि नऊ वर्षांची नात प्रज्ञा दीड वर्षापासून याच गाडीत राहत होती. धर्मेंद्रचं कॉम्प्युटरचं काम कुठूनही चालायचं. सकाळी प्रज्ञाचा अभ्यास, दुपारी एखादा किल्ला नाहीतर लेणी, आणि मुक्कामाला जवळच्या नातेवाइकाचं अंगण, असा त्यांचा क्रम होता.

नातेवाईक अंगण द्यायचे, पण मनातून रुसायचे. घरात पलंगावर नवी चादर घातलेली असताना पाहुणे आपले गाडीत जाऊन झोपतात, म्हणजे काय! यावर रश्मीने तोडगा काढला होता. पहिल्या रात्री ती एकटी घरात झोपायची, सगळ्या कुटुंबाची प्रतिनिधी म्हणून. तेवढ्यावर बहुतेक मामा-मावश्या निवळायच्या.

शेजारच्या शेषरावांनी गाडीभोवती दोन चकरा मारल्या, टायरला हात लावून पाहिला आणि इंदूबाईंना विचारलं, "पोट्ट्यानं घर काऊन सोडलं, वहिनी? नोकरी तं हाय ना?"

"नोकरी हाय, घरही हाय. घराले चाकं हायेत, एवढंच," इंदूबाई म्हणाल्या आणि ठसक्यात आत गेल्या.

आत जाऊन मात्र त्यांनी रश्मीला हळूच विचारलं की मागच्या पलंगावर दोन म्हातारी माणसं मावतील का. कारण गोष्ट अशी होती की गाडी आता अमरावती, अचलपूर, चिखलदरा करत नागपूरला दीक्षाभूमीवर आणि तिथून पुढे सांचीला जाणार होती. दोन महिन्यांचा बेत होता. इंदूबाईंना त्या गाडीतून जायचं होतं. आजवर त्यांनी फारसं कुणाकडे काही मागितलं नव्हतं, पण हे त्यांना हवं होतं, आणि इतकं हवं होतं की चार दिवसांपासून त्यांना धड जेवणही जात नव्हतं.

अडचण एकच होती, आणि ती ओसरीवर पेपर वाचत बसली होती.

इंदूबाईंचे यजमान बुधाजी एसटीचे ड्रायव्हर. एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली बहुतेक अकोला-अमरावती मार्गावर. एकही अपघात नाही म्हणून आगारात सत्कार झालेला. रिटायर होऊन सहा वर्षं झाली होती, आणि या सहा वर्षांत ते भाजीबाजाराच्या पलीकडे गेले नव्हते. कुठे जायचा विषय निघाला की म्हणायचे, "लय पायला रस्ता. आता नाई." खरं कारण वेगळं होतं. दुसऱ्याने चालवलेल्या गाडीत बसणं त्यांना जमतच नसे. आणि त्यांनी चालवलेल्या गाडीत इंदूबाई कधी बसल्या नव्हत्या.

हे कुणाला खरं वाटत नाही, पण तसंच होतं. ड्युटीच्या गाडीत घरचं माणूस घ्यायचं नाही, हा बुधाजींचा नियम. इंदूबाई धाकट्या बहिणीकडे, सुंदराबाईकडे अमरावतीला निघाल्या आणि फलाटावर नेमकी नवऱ्याचीच गाडी लागलेली असली, तर ते खिडकीतून हात हलवून सांगायचे, "मागची येऊन राहिली, तिच्यात बस." कडेवर धर्मेंद्र, हातात पिशव्या, आणि समोरून नवरा रिकाम्या सीटा घेऊन निघून जायचा. कारण विचारलं तर "नियम म्हंजे नियम." याला आपल्याला चारचौघांत दाखवायची लाज वाटते की काय, असंही इंदूबाईंच्या मनात येऊन गेलं होतं. एकदा नव्हे, बऱ्याचदा.

आधी एक दिवसाची सफर करून पाहू, असं ठरलं. पातूरची लेणी तासाभराच्या आत. बुधाजी बऱ्याच मिनतवाऱ्यांनंतर पुढे धर्मेंद्रच्या शेजारी बसले आणि गाडी गल्लीच्या बाहेर पडायच्या आधीच सुरू झाले.

"हारन दे. अरे, हारन दे ना! गेअर पाड. कोन्या शाळेत शिकला बे तू? तो ट्रकवाला तुले साइड देऊन राहिला, का तू त्याले?"

तोंड चालत होतंच, पण पाय त्याहून जास्त. समोर म्हैस दिसली की बुधाजी पायाखालची चटई अशी दाबायचे की मागे ओट्यावरची भांडी वाजतील असं वाटावं. पातूर येईपर्यंत चटईची पार गुंडाळी झाली होती.

लेणी मात्र इंदूबाईंना फार आवडली. डोंगरात कोरलेली ती साधी, जाड खांबांची ओसरी, आत गारवा. कधीकाळी भिक्खू इथे बसले असतील, असं प्रज्ञा वहीतून वाचून दाखवत होती आणि आजी हात जोडून ऐकत होती. बुधाजी वर आलेच नाहीत. खाली टायरची हवा बघत थांबले.

धर्मेंद्र आईजवळ येऊन बसला. चेहरा घामाघूम आणि रडवेला. "आई, तू चाल आमच्यासंगं. बाबाले नाई जमत. अन् खरं सांगू का, बाबा बाजूले बसले का मले ब्रेक कोनता अन् क्लच कोनता तेच समजत नाई. दोन महिन्यांत आमी सगळे कोन्या तरी नालीत जाऊन पडू."

"मी एकटी नाई येत."

"काऊन? शेषरावकाका हायेत, डबा लावून देऊ त्याईले."

"डब्याची गोष्ट नाई, बापा," इंदूबाई म्हणाल्या. "त्याईची मुक्कामी गाडी, त्याईची पहाटची गाडी, त्याईची वाट पायता पायता माही जिंदगी गेली. आता कुठी जायचं तं त्याईच्यासंगंच जायचं. नाई तं सांचीचा फोटो तुमी मोबाइलवर पाठवजा, मी पाईन."

हे बोलताना त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

तोडगे काढण्यात रश्मीचा हातखंडा. संध्याकाळी चहा ओतता ओतता ती म्हणाली, "उद्या अमरावतीला मावशींकडे जायचंच आहे ना? मग बाबांनाच चालवू दे की. लायसन्स आहे अजून."

बुधाजींनी पेपर खाली केला. आनंद लपवायचा त्यांचा प्रयत्न इतका केविलवाणा होता की प्रज्ञा फिदीफिदी हसली. "घरचं माणूस..." ते पुटपुटले खरे, पण लगेच म्हणाले, "ड्युटी थोडीच हाय. चालवतो."

सकाळी त्यांनी गाडीला तीन प्रदक्षिणा घातल्या, टायरवर मूठ आपटली, आरसा सात वेळा वरखाली केला आणि स्टेअरिंगवर बसले. इंदूबाई त्यांच्या मागच्या, त्या एकुलत्या सीटवर बसल्या. गाडी निघाली ती लोण्यातून सुरी जावी तशी. धर्मेंद्र कौतुकाने बघत राहिला. असं चालवणं आपल्याला या जन्मी जमायचं नाही, हे त्याने तिथल्या तिथे मान्य करून टाकलं.

बोरगाव मंजू आलं आणि गाडी आपसूक डावीकडे घेत, वेग कमी करत, बरोबर एसटीच्या थांब्यासमोर उभी राहिली.

"बाबा, काय झालं?"

बुधाजी दचकले. "काई नाई, काई नाई," म्हणत त्यांनी पुन्हा गिअर टाकला. थांब्यावरचे दोघे पिशव्या घेऊन धावत आलेले तसेच बघत राहिले.

कुरणखेडला पुन्हा तेच. डोकं विसरत होतं, पण हात आणि पाय एकतीस वर्षांत एकही थांबा विसरलेले नव्हते. या वेळी मात्र एका म्हातारीने गडबडीने दार उघडलं आणि ती चढलीसुद्धा. बसली थेट प्रज्ञाच्या पलंगावर. पदराने वारा घेतला, फ्रिज पाहिला, ओटा पाहिला, पडद्याआड डोकावून संडास पाहिला.

"लय सोय केली बापा आता एसटीनं," ती म्हणाली. मग कमरेच्या पिशवीतून आधार कार्ड काढून तिने धर्मेंद्रसमोर नाचवलं. "मुर्तिजापूर. मी पंच्याहत्तरच्या वरची हाय, मले फुकट हाय. मागच्या खेपेले एकानं हुज्जत घातली होती, तू घालू नको."

"नाही घालत," धर्मेंद्र म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

आता गाडी निघावी ना? ती निघेना. इंजिन चालू, रस्ता मोकळा, आणि बुधाजी समोर बघत स्वस्थ बसलेले.

"आजोबा, चला की!"

"बेल दे ना मंग," बुधाजी तंद्रीत म्हणाले.

प्रज्ञाला आल्या दिवशीच त्यांनी शिकवलं होतं: एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे निघ. तिने ओट्यावरची पळी उचलून ताटावर दोनदा हाणली, ठण्ण ठण्ण, आणि गाडी तत्काळ हलली. रश्मी हसून हसून पलंगावर आडवी झाली. म्हातारीला मात्र यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. मुर्तिजापूरला उतरताना ती बजावून गेली, "लेडीज कंडक्टर लहान हाय, पन हुशार हाय."

मुर्तिजापूर मागे पडलं. गाडीतलं हसणं ओसरलं, प्रज्ञा खिडकीला नाक लावून बसली. आणि इंदूबाईंच्या लक्षात आलं की आपण आयुष्यात पहिल्यांदा आपल्या नवऱ्याला गाडी चालवताना बघतोय. मान ताठ, खांदे रुंद, हात चाकावर हलके ठेवलेले. देखणे दिसतात की, त्यांना वाटलं. या वयात असं वाटल्याची त्यांना जरा गंमतही वाटली.

मग त्यांना ती मान ओली दिसली. डिसेंबरची सकाळ, खिडकीतून बोचरं वारं येत होतं, आणि बुधाजींच्या कॉलरची मागची कड घामाने चिंब झाली होती. गाडीचा वेग चाळीसवर आला, मग तीस. ट्रक भोंगे वाजवत पुढे जात होते. बुधाजी दर क्षणाला वर आरशात बघत होते, आणि आरशात रस्ता नव्हता. आरशात इंदूबाई होत्या आणि खिडकीला टेकलेली प्रज्ञा होती.

एका निंबाखाली त्यांनी गाडी उभी केली. इथे थांबा नव्हता. इंजिन बंद केलं. हात चाकावरून काढून मांडीवर ठेवले.

"बाबा?" धर्मेंद्र उठला. "चक्कर आली का?"

"नाई." त्यांनी रुमालाने मान पुसली. मग इंदूबाईंकडे न बघता म्हणाले, "मले भ्या वाटून राहिलं. चव्वेचाळीस मानसं मांगं घेऊन मी एकतीस वर्षं फिरलो, कधी हात नाई कापला. पाऊस म्हनू नका, धुकं म्हनू नका. आज तुमी चौघं मांगं हा तं मले समोरचं दिसून नाई राहिलं. सारं ध्यान तुमच्यावर. नोकरीले लागलो तवाच मले हे समजलं होतं. तू एकदाच बसली असती ना गाडीत, तं त्या दिवशी मी गाडी पाडलीच असती."

इंदूबाई ऐकत राहिल्या. फलाटावरच्या त्या सगळ्या दुपारी त्यांच्या डोळ्यांसमोरून गेल्या, आणि त्यांना एकदम इतकं हलकं वाटलं, आणि त्याच वेळी नवऱ्याचा इतका राग आला, की आधी काय करावं ते सुचेना.

"मंग हे तवा सांगता नाई आलं तुमाले? मी म्हनलं तुमाले माही लाज वाटते!"

"लाज?" बुधाजी आता वळले. खरोखर चकित होऊन त्यांनी बायकोकडे पाहिलं. "तुही?"

एवढंच म्हणाले. पण ज्या तऱ्हेने म्हणाले त्याने इंदूबाईंचा राग जागच्या जागी विरघळला.

बुधाजींनी किल्ली काढली आणि धर्मेंद्रच्या हातात दिली. पुढच्या सीटकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मागे येऊन, जरा अवघडत, ते बायकोशेजारी बसले. "चालव, बापा," ते मुलाला म्हणाले. "तुले मांगची मानसं असूनही चालवता येते. ते मले नाई आलं कधी."

धर्मेंद्र स्टेअरिंगवर बसला. गिअर टाकताना थोडी खडखड झाली, आणि मागून कुणी काही बोललं नाही.

बुधाजी खिडकीबाहेर बघू लागले. थोड्या वेळाने म्हणाले, "इथं हे तळं कवा झालं?"

"पहिलेपासून हाय," इंदूबाई म्हणाल्या. "मी दर खेपेले पायतो ते. त्या बाजूले चिचेचं झाड हाय, ते पाय. अन् पुढं कौलारू शाळा येते." आणि या रस्त्यावर हजारो खेपा केलेल्या माणसाला त्या, दरवेळी मागच्या गाडीने गेलेल्या, एकेक गोष्ट बोट करून दाखवू लागल्या. तो मुकाट्याने मान हलवत होता, जणू नव्या मुलखात आला होता.

बडनेऱ्याच्या अलीकडे त्यांची मान हलायची थांबली. इंदूबाईंनी वळून पाहिलं. बुधाजी झोपले होते. चालत्या गाडीत, दुसऱ्याच्या हाती चाक असताना, तोंड किंचित उघडं ठेवून, बायकोच्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपले होते. पाय सैल पडले होते, दोन्ही.

अमरावतीत राजापेठेजवळ सुंदराबाईचा फोन आला. "कुठी हा व बाई? भाकरी थंड्या होऊन राहिल्या!"

"येतो, येतो," इंदूबाई कुजबुजल्या आणि फोन ठेवला.

धर्मेंद्रने गाडीचा वेग कमी केला. "आई, मावशीची गल्ली आली. लावू ना गाडी?"

इंदूबाईंनी खांदा जराही न हलवता मान तेवढी हलवली.

"नको थांबू," त्या म्हणाल्या. "कँपाकडून एक चक्कर अजून मार. हळू."