परातीतले पाय

जनीनं पोटच्या पोरीला उलथन्याचे चटके दिले, हे त्या गावात शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक होतं. ठाऊक करून दिलं होतं तिच्या सासूनं, हौसानं. हौसाच्या जिभेला हाड कधी नव्हतंच. अंकिता रांगायला लागली तसे तिच्या गुडघ्यांवर, तळहातांवर पाण्यानं भरलेले फोड आले. चालायला लागली तसे तळव्यांवर. उन्हाळ्यात तर बघवत नसे. शेवटी पंच बसले. जनीच्या नवऱ्यानं, कमळाकरनं, मान खाली घालून सोडचिठ्ठीवर सही केली, आणि चटके देणाऱ्या आईच्याच कडेवर पोर देऊन दोघींना हाकललं. पोरीची एवढी काळजी होती, तर ठेवून का नाही घेतली? हे मात्र एकाही पंचाला सुचलं नाही.

जनी पनवेलला भावाकडं, बाळूकडं आली. बदनामी तिच्याआधीच येऊन बसली होती. नळावरच्या बाया तिला बघून आपली पोरं मागं ओढायच्या.

१९९४च्या फाल्गुनात बाळूनं भाचीला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कातडीचा इवलासा तुकडा तपासायला घेतला, आणि पुढच्या खेपेला जनीला समोर बसवून सांगितलं, "कळंबोलीच्या बाजारात लोखंडी सळया बघितल्या असतील ना? स्लॅबला आतून धरून ठेवतात त्या. कातडीच्या प्रत्येक पेशीत तसेच केराटिनचे बारीक धागे असतात. हिचे धागे जन्मापासून कच्चे आहेत. उकाड्यात जरा घासलं की पेशी फुटतात आणि तिथं पाणी साचतं. कुणी चटके दिलेले नाहीत. हे कशानं होतं, तेच आत्ता दोन-तीन वर्षांपूर्वी कळलंय."

"औषध?"

"नाही. जपायचं. आणि मला सांगा, घरात आणखी कुणाच्या पायांना उन्हाळ्यात फोड येतात? आई किंवा बाप, एकाकडून आलं तरी पुरतं."

जनीला सासरचे उन्हाळे आठवले. दर चैत्रात कमळाकरचे बूट चावायचे. पाच उन्हाळे त्याच्या तळव्यांना खोबरेल तिनंच चोळलं होतं. 'आमच्या घरातल्या बाप्यांचं पाय नाजूक,' असं हौसा कौतुकानं सांगायची, मेलेल्या नवऱ्याचंही सांगायची. जनीचं लग्नसुद्धा तिनं हट्टानं मार्गशीर्षात, थंडीत लावलं होतं. म्हणजे म्हातारीला सगळं माहीत होतं! जनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"डॉक्टरीणबाईंचा कागद पंचांपुढं टाकू," बाळू म्हणाला.

"कागद कोन वाचनार? ती म्हनल, लिवून आनला. मला तिला चारचौघांत धरायची हाय."

संधी चालून आली. कमळाकरचं दुसरं लग्न ठरलं, जासईच्या जगनच्या मुलीशी. हौसानं पुन्हा मार्गशीर्षाचा धोशा लावला होता, पण जगनला घाई होती, आणि बीजवराच्या आईला नखरे करता येत नाहीत. मुहूर्त वैशाखातला निघाला. त्या जासईच्या पोरीची जनीला दया आली का? आली थोडी. खोटं कशाला बोला, सुडाची गोडी जास्त होती.

वरातीच्या वाजंत्र्यांतला बेंजोवाला बाळूचा दोस्त. त्यानं भर उन्हात वरात जासईच्या वेशीवरच दोन तास अडवून धरली. नवरा जीपमधून उतरेना, तर माइकवरून ओरडला, "नाचत नाय तो कसला नवरा!" मित्रांनी कमळाकरला खाली ओढला. नव्या कोऱ्या बुटांत तो दोन तास नाचला. हौसा "पुरं करा, पुरं करा" म्हणत राहिली, पण बेंजोपुढं तिचा आवाज पहिल्यांदाच कमी पडला.

मग मांडवात जावयाचे पाय धुवायची वेळ आली. जगननं पितळी परात पुढं ओढली, मोजे उतरवले, आणि त्याचा हात तिथंच थांबला. दोन्ही तळव्यांवर रुपयाएवढे टच्च फोड. एक फुटला, त्याचं पाणी परातीत उतरलं.

"जावयबापू, ह्ये काय?"

"बूट चावलं," हौसा घाईनं म्हणाली.

"तळव्याला?"

बायकांच्या गर्दीत तोंडावर पदर ओढून बसलेली जनी उठली. कडेवर चार वर्षांची अंकिता. कुणी अडवायच्या आत ती परातीपाशी पोचली, पोरीच्या चपला काढल्या आणि तिचे पाय कमळाकरच्या पायांशेजारी पाण्यात सोडले. तेच फोड, त्याच जागी. आकार तेवढा लहान. लग्नाचा धवला गाणारी बाई ओळ अर्धी टाकून थांबली.

अंकिता वाकून बघत राहिली. बापाचे अनवाणी पाय तिला आठवतच नव्हते. मग तिनं मान वर करून सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं विचारलं, "आई, पप्पांना कोनी चटकं दिलं?"

"मला नाय ठाव," जनी म्हणाली, आणि हौसाकडं वळली. "आये, नात इचारते. चटकं कोनी दिलं ते तुमीच सांगत आल्याव ना? सांगा आता."

जगन ओले हात धोतराला पुसत उठून उभा राहिला होता. उत्तर आल्याशिवाय पोरीचे पाय परातीतून काढायचे नाहीत, असं ठरवूनच जनी खाली बसली.